चार मिलिमीटरांचा फूट

खेळण्यांविषयीं आम्हांस लहानपणापासून फारसें प्रेम नव्हतें, आणि शिक्षकाच्या पेशांत पडल्यावर तर मुलांच्या दप्तरांतून निघालेलीं खेळणीं जप्त करून टेबलाच्या खणांत टाकणें एवढाच आमचा त्यांच्याशीं संबंध उरला. त्यामुळें गेल्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत कन्येकडे गेलों असतां, एका रविवारीं जांवयांनीं "आज लहान आगगाड्या पाहावयास जाऊं" असें सुचविलें तेव्हां हा बेत नातवासाठीं आहे हें आम्हीं मनाशीं ठरवून टाकलें. नातू अकरा वर्षांचा. त्याच्या आजीनें डब्यांत थालीपिठें घेतलीं, आम्हीं एक पुस्तक घेतलें. हेतु हा कीं, मंडळी आंत गाड्या पाहतील तोंवर आपण बाहेर कोठें बांकावर वाचीत बसावें. पुस्तक उघडलें गेलें नाहीं. सायंकाळीं दालनाचे दिवे मालवावयाची वेळ झाली तेव्हां ज्यांस हांक मारून बाहेर बोलवावें लागलें ते गृहस्थ आम्हीच होतों.

लंडनच्या पश्चिमेस, ऑक्सफर्ड परगण्यांत, डिडकॉट नांवाचें एक रेल्वे जंक्शन आहे. तेथून थोड्याच अंतरावर लाँग विटनम नांवाचें खेडें असून त्याच्या कडेला पेंडन म्युझियम ही संस्था आहे. बाहेरून इमारत साधी. आंत काय असेल याची कल्पना तिच्यावरून मुळींच येत नाहीं.

आंत एक खोरें पसरलेलें होतें. हिरव्या टेकड्या, मधून गेलेला पांढुरका रस्ता, शेतांच्या कडेचीं कुंपणें, गवतानें शाकारलेलीं घरें, घरांमागें भाजीचे वाफे, आणि या सर्वांच्या पलीकडून जाणारे दोन रूळ. एक गाडी आली. इंजिन हिरव्या रंगाचें, डबे चॉकलेटी आणि सायीच्या रंगाचे. पूर्वीच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे हे ठराविक रंग. (आमच्याकडील जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला ती निराळी; नांवांचा घोटाळा होऊं नये म्हणून सांगितलें.) गाडी गेली. नातू तिच्यामागें दालनाच्या दुसऱ्या टोकास धांवला. आम्ही मात्र एका घराच्या परसापुढें उभे होतों. त्या परसांत कोबीच्या गड्ड्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक गड्डा मोहरीच्या दाण्याहून फार मोठा नसेल. पण त्यांत कोणता कोवळा व कोणता जून झालेला हें ओळखतां येत होतें. आम्हीं उभ्या जन्मांत कोबीकडे इतकें निरखून पाहिलेलें नव्हतें, आणि पाहिलें तें एका परक्या मुलखांत, पुठ्ठ्याच्या गांवांत!

हें खोरें खरें आहे. डिडकॉटच्या पश्चिमेस पसरलेल्या या प्रदेशास 'शुभ्र अश्वाचें खोरें' असें म्हणतात. कारण तेथील अफिंग्टन गांवाजवळच्या डोंगरउतारावर खडूच्या पांढऱ्या भुकटीनें भरलेल्या चरांची एक अश्वाकृति आहे. ती सुमारें तीन हजार वर्षांची जुनी असून लांबी सुमारें ३६० फूट आहे. गवत तिच्यावर सारखें चढूं पाहतें, आणि आसपासच्या गांवचे लोक पिढ्यान् पिढ्या तें खरडून काढीत आले, म्हणूनच ती आज दिसते. दोन चार पिढ्या कोणी हात लावला नसता तर घोडा गवतांत बुडाला असता. हा घोडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

१९२५ सालीं रॉय इंग्लंड या नांवाचा एक तरुण ऑस्ट्रेलियाहून या देशांत आला. आडनांवच 'इंग्लंड', आणि जन्म दूर सातासमुद्रांपलीकडचा! वयाची विशी अजून ओलांडावयाची होती. आगगाड्यांचें वेड होतेंच. त्यांतून ग्रेट वेस्टर्नच्या लोहमार्गाजवळील हें खोरें त्याच्या मनांत भरलें. मात्र तो आला तो काळ असा कीं, मोटारी खेड्यांत शिरूं लागल्या होत्या, शहरचें सामान स्वस्त मिळूं लागलें होतें, आणि जुनीं गवती छपरें उतरवून त्यांच्या जागीं कारखान्यांतलीं आच्छादनें चढूं लागलीं होतीं. घरांत राहणाऱ्यांस यांत दोष काय देणार? गळकें छप्पर कोणास हवें असतें? पण बाहेरून आलेल्या त्या मुलाला जें दिसलें तें तेथें जन्मलेल्यांस दिसत नव्हतें: हीं घरें जाणार, आणि गेल्यावर तीं कशीं होतीं हेंही कोणास सांगतां येणार नाहीं.

घरें वांचविणें त्याच्या हातीं नव्हतें. पैसा नव्हता, अधिकार नव्हता. तेव्हां त्यानें दुसरें कांहीं केलें. गांवोगांव हिंडून तो घरांचीं मापें घेऊं लागला. भिंतीची लांबी, चौकटीची रुंदी, धुराड्याची उंची; विटांचे रंग कोठें तांबूस, कोठें जांभळट; छायाचित्रें, टिपणें, रंगांचे नमुने. आणि मग त्या मापांवरून पुठ्ठ्याचीं घरें. त्याच्या आरंभीच्या कामांपैकी एक बेकॅम्प्टन येथील वाटसरूंच्या खानावळीचें आहे. १९५४ मध्यें लाँग विटनम येथें त्यानें या संग्रहाचा पाया घातला. तरुण प्रवाशांसाठीं वसतिगृह चालवावें आणि उरल्या वेळांत खोरें उभारावें असा त्याचा आरंभींचा क्रम होता. १९९५ मध्यें तो वारला. त्याच्या हयातींत खोरें पुरें झालें नाहीं. आम्हीं पाहिलें तेव्हांही त्यांत काम चालूच होतें, आणि काम करणारे बहुतेक सारे बिनवेतन. त्यांत आमच्यासारखीं निवृत्त माणसें पुष्कळ दिसलीं. एका घरावर शेकडों तास खर्च होतात.

आतां थोडें गणित. वाचकांनीं कंटाळूं नये. या विद्येचें सारें मर्म गणितांतच आहे, आणि शिक्षकाची संवय सुटत नाहीं.

पेंडन येथील प्रमाण असें कीं, प्रत्यक्षांतला एक फूट म्हणजे प्रतिकृतींत चार मिलिमीटर. भागाकार केला तर सुमारें शहात्तरांस एक. साडेपांच फुटांचा मनुष्य येथें बावीस मिलिमीटरांचा होतो. इंग्लंडांतल्या भिंतींत विटेचा एक थर चुन्यासकट सुमारें तीन इंच उंच असतो. बारा इंचांस चार मिलिमीटर, तेव्हां तीन इंचांस एक. म्हणजे विटेचा थर बरोबर एक मिलिमीटर! आपल्या जुन्या मापांत आठ यवांचें एक अंगुळ धरीत. हा थर अर्ध्या यवाहूनही बारीक. आणि या प्रत्येक विटेला निराळा रंग द्यावयाचा, कारण भट्टीतून निघालेल्या दोन विटा एका रंगाच्या नसतात. पुठ्ठ्यावर थरांच्या रेघा कोरून जलरंगाच्या अत्यंत बारीक कुंचल्यानें एकेक वीट रंगवितात. छपराचें गवत म्हणजे नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तसला तागासारखा तंतु. तो पेंढीपेंढीनें, खालून वर, खरा शाकारणारा लावतो त्याच क्रमानें लावलेला. कांहीं घरांत आंतलें सामानही आहे, आणि तें खिडकींतून डोकावल्याखेरीज दिसत नाहीं.

लांबी अशी लहान करतां येते. पण सृष्टींतल्या साऱ्याच गोष्टी लहान होण्यास तयार नसतात, आणि खरी मौज येथें आहे. एक मैल या प्रमाणानें सुमारें एकोणसत्तर फूट भरतो. तेव्हां दोन स्टेशनांमधलें चार मैलांचें अंतर दाखवावयाचें तर पावणेतीनशें फुटांचें दालन पाहिजे. तें कोणाजवळ नसतें, म्हणून अंतर चोरावें लागतें, आणि तें चोरलें आहे हें कळूं नये म्हणून मध्यें टेकडी, बोगदा, झाडी घालावी लागते. ताशीं साठ मैलांनीं धांवणारी गाडी येथें सेकंदाला चौदा इंचांहून अधिक जातां उपयोगी नाहीं. दुकानांतली खेळण्यांतली गाडी पाहिल्याबरोबर खोटी वाटते याचें अर्धें कारण तिची धांव. रूप बिनचूक असलें तरी वेग चुकला कीं सोंग उघडें पडतें. वजनाची गोष्ट आणखी विचित्र. लांबी शहात्तर पटींनीं कमी केली तर घनफळ त्याच्या घनाच्या हिशोबानें, म्हणजे चार लक्षांहून अधिक पटींनीं कमी होतें. शंभर टनांचें इंजिन हिशोबानें सव्वादोनशें ग्रॅमचें, पावशेर साखरेच्या पुडीएवढेंच. त्यामुळें खऱ्या गाडीची ती जड, थोरपणाची चाल, सुटतांना आढेवेढे घेणें आणि थांबतांना दूरपर्यंत सरकत राहणें, ही तिच्यांत आपोआप येत नाहीं. वीज हळूहळू कमीजास्त करून चालविणाऱ्याला ती हातानें आणावी लागते.

पाणी तर मुळींच लहान होत नाहीं. पाण्याचा थेंब आपल्या आकाराचा हट्ट सोडीत नाहीं. चार मिलिमीटरांच्या फुटाच्या नदींत खरें पाणी ओतलें तर तें कडेला फुगतें, वाऱ्यानें हालत नाहीं, आणि एक थेंब उडाला तर तेथल्या मनुष्याच्या डोक्याएवढा होतो. म्हणून या लोकांच्या नद्या रोगणाच्या किंवा राळेसारख्या द्रव्याच्या असतात. खोटें पाणी खरें दिसतें आणि खरें पाणी खोटें!

रंगाविषयींही असेंच. घराच्या दाराला जो रंग खरोखर आहे तोच डब्यांतून काढून प्रतिकृतीला लावला तर तो भडक दिसतो. कारण असें कीं, दोन फुटांवरून आपण ही प्रतिकृति पाहतों तेव्हां हिशोबानें आपण त्या घरापासून दीडशें फुटांवर उभे असतों. दीडशें फुटांवरच्या वस्तूचा रंग मधल्या हवेनें थोडा मंदावलेला, किंचित् धुरकट झालेला असतो. तेव्हां रंगांत थोडा करडा मिसळून मधली हवा रंगवावी लागते. झाडांचेंही तसेंच: तारा पिळून खोड व फांद्या करतात, पण पानें मोजून लावीत नाहींत, दीडशें फुटांवरून पान दिसत नाहीं, पानांचा समूह दिसतो. गवताची मात्र हल्लींची युक्ति अपूर्व आहे. रंगीत बारीक तंतु गोंद लावलेल्या जमिनीवर पाडतांना त्यांस विद्युद्भार देतात. त्याच्या योगानें प्रत्येक तंतु उभा राहून चिकटतो. शिक्षकानें वर्गांत पाऊल टाकतांच मुलें उभीं राहत असत, त्याची आम्हांस आठवण झाली.

'प्रमाण' हा शब्द आम्हीं वर वापरला. संस्कृतांत याचे दोन अर्थ आहेत. एक माप, आणि दुसरा, नैयायिकांचा, यथार्थ ज्ञानाचें साधन. ज्यावरून गोष्ट खरी म्हणून कळते तें. हा शब्द आम्हीं चाळीस वर्षें वर्गांत शिकविला आणि हे दोन अर्थ दोन ओळींत वेगवेगळे लिहून दिले. ते एकच असावेत अशी शंका आम्हांस प्रथम त्या दालनांत आली. त्या मनुष्यानें भिंतीला फीत लावली होती म्हणून ती भिंत होती हें आज सांगतां येतें.

याच संग्रहांत आणखी एक रचना आहे. ती जॉन अहर्न यांची 'मॅडर खोऱ्याची रेल्वे'. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनीं ती आरंभिली. त्या काळीं लहान आगगाड्यांचे शौकीन रूळ, सिग्नल व इंजिनें यांतच गुंतलेले असत. रुळांच्या पलीकडे मुलूख आहे, मुलुखांत गांव आहे, आणि रेल्वे त्या गांवासाठीं आहे, गांव रेल्वेसाठीं नाहीं, ही दृष्टि रूढ करण्यांत अहर्नचा मोठा वांटा आहे. १९६१ मध्यें ते वारल्यानंतर पुढें ती रचना पेंडनच्या स्वाधीन झाली. तिच्यांतलें खोरें मात्र कोठेंच नाहीं. मॅडरपोर्ट, मच मॅडर हीं नांवें नकाशावर शोधूं नयेत. पेंडनच्या मोठ्या खोऱ्यांतलें 'पेंडन पार्व्हा' हें खेडेंही त्या नांवानें कोठें नाहीं, पण त्यांतलें घर न् घर कोठें ना कोठें होतें किंवा आहे; निरनिराळ्या गांवांतलीं घरें आणून एका गांवांत बसविलीं आहेत. अहर्नचें काम म्हणजे कादंबरी, इंग्लंडचें म्हणजे बखर. रसिकतेच्या दृष्टीनें कादंबरी अधिक मोकळी, अधिक हंसरी आहे, हें आम्ही कबूल करतों. पण आमचे पाय बखरीपुढेंच खिळले.

आपल्याकडे हा शौक अगदींच नाहीं असें नव्हे. पुण्यांत कर्वे रस्त्यालगत कै. भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुलें झालें. आम्ही तेथें पूर्वी शाळेचीं मुलें घेऊन गेलों होतों. तेथें एक संबंध कल्पित शहर आहे. सर्कशीचा तंबू आहे. गाड्या एकमेकींस चुकवीत फिरतात. मुलें टाळ्या पिटतात. पुणेंकरांनीं तें अवश्य पाहावें. पण आपल्या मुलखांतलें स्टेशन जसेंच्या तसें लहान करावयाचें म्हटलें कीं येथील शौकिनांपुढें एक अडचण उभी राहते, ती रुळांची. या विद्येचें तयार सामान बहुधा परदेशांतलें, आणि तें तेथल्या चार फूट साडेआठ इंची रुळांसाठीं केलेलें. त्यांतही गंमत अशी कीं, चार मिलिमीटरांच्या हिशोबानें ती रुंदी १८.८३ मिलिमीटर व्हावयास हवी, पण बाजारांतले रूळ १६.५ मिलिमीटरांचे, म्हणजे इंग्रजांची गाडी इंग्रजांच्याच दुकानांत अरुंद पायांवर उभी! पेंडन येथें हें वैगुण्य कमी करण्यासाठीं अठरा मिलिमीटरांचे रूळ घातले आहेत. आपली मोठी गाडी साडेपांच फुटांची, तिला बावीस मिलिमीटर पाहिजेत. तयार रुळांवर ती बसवावी तर धिप्पाड पहिलवानास बालकाचे जोडे घातल्यासारखें होतें. आमच्या लहानपणीं पुणें-मिरज मार्ग मीटरगेजचा होता. वाठार स्टेशनावर उतरून आम्ही गांवीं जात असूं. त्या गाडीला तेरा मिलिमीटर लागतील. हा हिशोब आम्हीं नातवाला परत येतांना मोटारींत करून दाखविला, आणि तेथूनच आमच्या परीक्षेस प्रारंभ झाला.

तो म्हणाला, "आजोबा, आपण तुमचा वाडा करूं या ना. पुठ्ठा मी आणतों. तुम्ही फक्त मापं सांगा."

आमचें मूळ घर वांई तालुक्यांत, कृष्णाकांठच्या एका लहान गांवीं. दोन चौकांचा वाडा, देवडी, ओसरी, माजघर, माडी. आमचा जन्म त्यांत झाला, मुंज त्यांत झाली, आणि मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंतचा अभ्यास त्याच ओसरीवर झाला. १९८७ सालीं भाऊबंदांच्या संमतीनें वाडा उतरविला. पांच सह्या होत्या, चौथी आमची. सागाचे खांब व तुळया जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्यानें ट्रकांत घालून नेल्या, आणि आमच्या वांट्यास आलेली रक्कम पुण्यांतल्या दोन खोल्यांच्या हप्त्यांत गेली. याचा आम्हांस पश्चात्ताप नाहीं. माडी कलली होती, आणि पांच बिऱ्हाडांस मिळून तिची डागडुजी झेपण्यासारखी नव्हती. वाडा राखतां आला नसता. पण फीत लावतां आली असती. आमच्या शाळेच्या भूगोलाच्या कपाटांत पन्नास फुटांची फीत होती, किल्ली आमच्यापाशीं होती, आणि वाडा उतरावयाच्या आधीं आम्ही चार दिवस रजा घेऊन गांवीं राहिलों होतों. त्या चार दिवसांत आम्हीं काय केलें? भांड्यांच्या वांटणीची यादी केली. तींत तांब्यांचीं वजनें नोंदलेलीं आहेत.

नातवानें वही उघडली. ओसरीला खांब किती? आम्हीं म्हटलें, आठ. पायऱ्या किती? पांच. जिना उजव्या हाताला कीं डाव्या? येथें आम्ही थांबलों. डोळे मिटले तर जिना दिसे. पण केव्हां उजवीकडे, केव्हां डावीकडे. ज्या जिन्यावरून आम्हीं दहा हजार वेळां तरी चढउतार केली असेल त्याची बाजू आम्हांस सांगतां येईना. मुलगा भला, तो म्हणाला, "असूं दे, नंतर आठवेल." हें वाक्य आम्ही वर्गांत अनेकांस बोललों आहों. त्यांस तें कसें लागत असेल हें त्या दिवशीं कळलें.

रात्रीं आक्कांस दूरध्वनि केला. आमच्या थोरल्या भगिनी, वय चौऱ्याऐंशी, सांगलीस असतात. त्या म्हणाल्या, "अरे, आठ कसले? दहा होते. तुळशीकडच्या टोकाला दोन जवळजवळ होते, मधून जातांना माझा पदर अडकायचा." पायऱ्या त्या चार म्हणाल्या. जिना डावीकडे, याविषयीं त्यांस शंकाच नव्हती. सुनेच्या हातांत कंदील असे तो कोणत्या हातांत धरावा लागे यावरून त्यांनीं तें सांगितलें. आमची इंग्रजी तिसरी व्हावयाच्या आधींच त्यांचें लग्न झालें होतें. त्या घरांत त्या आमच्याहून थोडीं वर्षें राहिल्या; पण त्या वर्षांत त्यांनीं ती ओसरी रोज सारविली होती, आणि आम्ही तीवर बसून पाठांतर करीत होतों.

मार्गशीर्षांत आम्ही परत आल्यावर एका पुतण्यास बरोबर घेऊन गांवीं गेलों. फीत नवी विकत घेतली. वाड्याच्या जागीं कोणीं कांहीं बांधलेलें नाहीं. जोतें तेवढें उभें आहे, आणि त्यावर टणटणी माजली आहे. एक गडी लावून ती काढविली. लाकडी खांब जेथें उभे असत तेथें खालीं दगडी तळखडे असतात, हें वाचकांपैकी वाड्यांत वाढलेल्यांस ठाऊक असेल. व्यापाऱ्यानें सागच नेला. दगडांस त्यानें हात लावला नव्हता. माती झाडून आम्ही ते मोजूं लागलों. आठ सांपडले तेव्हां आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडा आनंद झाला. मग पुतण्यानें तुळशीवृंदावनाच्या बाजूचा विटांचा ढीग हालविला, आणि त्याखालीं आणखी दोन निघाले. दोहोंमध्यें अंतर दोन फूट दोन इंच. चांगल्या शरीराच्या बाईचा पदर अडकेल इतकेंच.

ओसरीची लांबी एकतीस फूट भरली. पायऱ्यांचा निकाल लागला नाहीं: तीन दगड जागेवर आहेत, चौथ्याचा चुन्यांतला खांचा स्पष्ट दिसतो, आणि त्याखालीं जमीन भरून आली आहे, तेथें पांचवी होती कीं नव्हती हें खणल्याखेरीज कळणार नाहीं. दिंडी दरवाजाच्या उंबऱ्याचा एक तुकडा शेजारच्या गोठ्यांत पायरी म्हणून बसविलेला आढळला. त्याच्या कांठाला हिरव्या रंगाचा पापुद्रा शिल्लक होता, तो आम्हीं नखानें काढून पाकिटांत घातला. रंग थोडा मंद करून लावावा, मधली हवा ध्यानांत घ्यावी, अशी सूचना लिहून तें पाकीट टपालानें धाडलें.

आतां आठवड्याआड नातवाचीं पत्रें येतात. पत्रें म्हणजे त्याच्या आईच्या दूरध्वनीवरून आलेलीं छायाचित्रें व त्यांखालीं दोन ओळी. ओसरी एकशें चोवीस मिलिमीटरांची झाली आहे, वीतभरही नव्हे. दहा खांब उभे आहेत. तुळशीकडच्या दोहोंत पावणेनऊ मिलिमीटरांचें अंतर आहे. पहिल्या खेपेस त्यानें ते अगदीं सरळ व गुळगुळीत केले होते. आम्हीं कळविलें कीं, खांबांस मनुष्याच्या पाठीच्या उंचीवर तेलकट काळपट झांक असावी, कारण तेथें शंभर वर्षें माणसें टेकून बसत. दुसऱ्या खेपेस ती आली. जिना डावीकडे आहे.

हल्लींचा प्रश्न झोपाळ्याचा आहे. त्यास कड्या किती लांब होत्या, आणि फळी जमिनीपासून किती उंच होती? आमच्या स्मरणाप्रमाणें आमचे पाय जमिनीस टेकत नसत. पण त्या वेळीं आमची उंची किती होती हें कोण सांगणार? पुतण्या म्हणतो, तुळईच्या कड्या त्या व्यापाऱ्याकडे गेल्या. आम्हीं आक्कांस पुन्हां विचारलें आहे. त्या म्हणाल्या, "थांब, बसून बघतें." त्यांच्या सध्याच्या घरीं झोपाळा नाहीं, तेव्हां त्या कशावर बसून पाहणार आहेत हें आम्हांस कळलेलें नाहीं, आणि उत्तर अद्याप यावयाचें आहे.